तुमच्या उंबऱ्याला पाणी किती फुटाला लागतं?

जुलै लागला की कोल्हापूर-सांगलीत माणसं भेटल्यावर आधी विचारतात, "किती फूट?" कशाचं, ते सांगावं लागत नाही. कोल्हापुरात उत्तर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचं असतं, सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या. राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका. आयर्विनला हेच आकडे ४० आणि ४५. शाळेतल्या पोरांनाही ते पाठ असतात.

पण प्रश्न जरा फिरवून विचारला की बरेच जण अडखळतात. तुमच्या उंबऱ्याला पाणी किती फुटाला लागतं? कोल्हापुरातल्या सुतारवाड्यात किंवा सांगलीतल्या सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरात याचं उत्तर घराघरात मिळेल, कारण तिथे पाणी सगळ्यांत आधी शिरतं. अडचण होते ती ज्यांच्याकडे पाणी क्वचितच येतं त्यांची. २००५ च्या पुराची भिंतीवरची खूण पाहून २०१९ साली कितीतरी कुटुंबं घरात थांबली. "तेव्हा इथवर आलं होतं, आता त्याहून काय येणार?" पाणी त्या खुणेच्या वर गेलं. आयर्विनला ते ५७ फुटांच्या पुढे गेलं, राजाराम बंधाऱ्याला ५५ फूट ७ इंचांवर. दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पंचगंगेनं तोही आकडा मोडला आणि ५६ फूट ३ इंच गाठले.

म्हणून सामान हलवणं, पोती रचणं, विमा काढणं हे सगळं पुढचं. आधी आपल्या घराचा आकडा काढायचा.

पहिलं काम: तीन आकडे

पहिला आकडा उंबऱ्याचा. २०१९ किंवा २०२१ ला घरात पाणी आलं असेल, तर भिंतीवर गाळाची रेघ कुठे होती ते आठवा किंवा शेजाऱ्याच्या भिंतीवर शोधा. समजा २०२१ ला घरात चार फूट पाणी होतं. त्या वेळची सर्वोच्च पातळी ५६ फूट ३ इंच. चार फूट वजा केले की ५२ फूट ३ इंच. हा तुमच्या उंबऱ्याचा अंदाजे आकडा. मात्र बंधाऱ्यावरचं पाणी आणि तुमच्या गल्लीतलं पाणी एका सपाटीत असेलच असं नाही. नदीला उतार असतो, नाल्याचा फुगवटा वेगळा असतो. त्यामुळे आणखी एक फूट वजा करून ५१ धरा. पाणी कधीच आलं नसेल, तर ज्यांच्याकडे आलं होतं त्या जवळच्या घराची खूण घ्या आणि गवंड्याच्या लेव्हल पाइपनं तिथून आपल्या उंबऱ्यापर्यंतचा फरक मोजा. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन माणसांनी दोन टोकं धरायची, अर्ध्या तासाचं काम आहे.

दुसरा आकडा रस्त्याचा, आणि माझ्या मते तिन्हींत हा सर्वांत मोलाचा. घरातून बाहेर पडण्याच्या वाटेवर सर्वांत सखल जागा कोणती? ती उंबऱ्याहून तीन फूट खाली असेल, तर घर कोरडं असतानाच तुमचा रस्ता ४८ ला बंद होतो. अडकलेली माणसं बहुतेक इथे चुकतात. ती उंबऱ्याकडे बघत बसतात आणि तोवर कोपऱ्यावरचा रस्ता गेलेला असतो. बाहेर पडायचं ते रस्त्याच्या आकड्याआधी, उंबऱ्याच्या नव्हे.

तिसरा आकडा गटाराचा. पुराचं पाणी पुष्कळदा दारातून येत नाही. नदी वाढली की नाल्याचं पाणी मागे फिरतं. कोल्हापुरात जयंती नाल्याच्या काठच्या वस्त्यांना हे चांगलं ठाऊक आहे. ते पाणी ड्रेनेजच्या चेंबरमधून वर चढतं आणि मोरीतून, संडासाच्या भांड्यातून घरात येतं. दाराला पोती लावून निश्चिंत बसलेल्या घरात मागच्या मोरीतून गुडघाभर पाणी येतं. मागच्या पुरात मोरीतून पाणी कधी उलटलं, तेव्हा बंधाऱ्यावर किती फूट होते, हे घरातल्या आणि गल्लीतल्या माणसांना विचारून लिहून ठेवा.

हे तीन आकडे ऑइल पेंटनं स्वयंपाकघराच्या दारामागे लिहा. त्याखाली प्रत्येक आकड्याला कोण काय करणार हेही लिहा. आजीला आणि गुरांना कोण नेणार, मेन स्विच कोण बंद करणार, टेम्पोवाल्याला फोन कोण करणार.

पाणी किती वेगानं चढतंय

जलसंपदा विभाग आणि जिल्ह्याचा आपत्ती कक्ष पातळी रोज जाहीर करतात, पूर असला की वरचेवर. दोन नोंदी घेऊन वेग काढा. सहा तासांत एक फूट वाढलं आणि तुमच्या रस्त्याला तीन फूट बाकी असतील, तर साधारण अठरा तास हाती आहेत. त्यातले निम्मेच आपले समजा. रात्र मध्ये येते, टेम्पो मिळत नाही, लाइट जाते.

एक फसगत सांगून ठेवतो. नदी पात्रात असते तोवर फुटाफुटानं वाढते. पात्राबाहेर पडली की शेतात पसरते आणि इंचाइंचानं वाढायला लागते. लोकांना वाटतं, पाणी थांबलं. ते थांबलेलं नसतं, पसरत असतं. अशा वेळी वर काय चाललंय ते बघा. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात. ते पाणी भोगावतीतून पंचगंगेत येतं, आणि कासारी, कुंभी, तुळशीचं पाणी त्यात मिळतं. सांगलीकरांनी कोयनेच्या विसर्गाकडे लक्ष ठेवायचं. तिथून सोडलेलं पाणी पोचायला वेळ लागतो, आणि तो वेळ आपल्या हातातला असतो.

'धरण फुटलं' असे निरोप मोबाईलवर दर पुरात फिरतात. खात्री करायला जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा नंबर आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं 'सचेत' अ‍ॅप आताच मोबाईलमध्ये घेऊन ठेवा.

चिपळूण आणि महाडकरांसाठी हा हिशेब वेगळा. वाशिष्ठी आणि सावित्री घाटातून सरळ खाली येतात. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी काही तासांत चढलं, तेही लोक झोपेत असताना. तिथे घड्याळ आणि भरतीची वेळ बघायची. घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस, हवामान खात्याचा रेड अलर्ट आणि रात्री भरती असं जुळून आलं, तर पाण्याची वाट न बघता संध्याकाळीच वर सरकायचं. तळमजल्यावरचा व्यापारी असेल, तर पावसाळाभर रोज दुकान बंद करताना खालचा माल वर गेलेला असावा.

पाणी अडवायचं की आत येऊ द्यायचं

दाराला चार पोती लावली की झालं, असा समज आहे. अडवावं, पण मर्यादेत. दुकानाचं शटर दहा फूट रुंद धरा. बाहेर दोन फूट पाणी साचलं तर त्यावर साडेपाचशे किलोच्या आसपास दाब येतो. सव्वातीन फूट साचलं तर दीड हजार किलो. पाणी थोडं वाढलं की दाब कितीतरी वाढतो. हाच दाब भिंतींवरही येतो. बाहेर छातीभर पाणी आणि आत कोरडं असेल, तर साधी विटांची भिंत आत कोसळू शकते. मातीच्या किंवा कच्च्या बांधकामाच्या भिंतीचा तर प्रश्नच नाही.

माझं मत स्पष्ट आहे. दोन फुटांपर्यंत पाणी येणार असेल तर अडवा. तीन फुटांच्या वर जाणार असं दिसलं, तर सामान वर घ्या, दारं उघडी ठेवा आणि पाण्याला आत-बाहेर येऊ द्या. फरशी धुता येते. पडलेली भिंत उभी करायला वर्ष जातं.

अडवायचं ते असं. खताची किंवा सिमेंटची रिकामी पोती वाळूनं, नसेल तर मातीनं, अर्ध्याहून थोडी जास्त भरा. गच्च भरलेलं पोतं दगडासारखं गोल राहतं आणि दोन पोत्यांमधून पाणी वाहतं. अर्धवट भरलेलं पोतं दाबून बसतं. तोंड आत दुमडून, विटांसारखी सांधे मोडत रचा आणि प्रत्येक थर पायानं दाबा. रचलेल्या सगळ्या थरांची मिळून उंची जेवढी, त्याच्या तिप्पट रुंदी तळाला ठेवा. पाण्याच्या बाजूनं ताडपत्री अशी टाका की तिची कड सर्वांत खालच्या पोत्याखाली दाबली जाईल.

दरवर्षी पोती भरायची नसतील, तर फॅब्रिकेटरकडून चौकटीच्या दोन्ही बाजूंना सी चॅनेल बसवून घ्या. त्यात अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा जाड मरीन प्लायच्या फळ्या वरून सोडता येतात, खाली आणि सांध्यात रबर पट्टी. जुन्या पेठांतली दुकानं नंबर घातलेल्या फळ्यांनी बंद व्हायची, तीच ही पद्धत. फळ्यांची उंची मात्र दोन फुटांच्या वर नेऊ नका.

मोरी आणि संडासासाठी ड्रेनेजच्या बाहेर जाणाऱ्या पाइपवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. पाणी बाहेर जातं, उलट येत नाही. मे महिन्यात तो उघडून साफ करायला विसरू नका, त्यात केस आणि कचरा अडकला की तो मिटत नाही. व्हॉल्व्ह नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत वाळू भरून ती संडासाच्या भांड्यात घट्ट बसवा आणि मोरीच्या जाळीवर दुसरी ठेवून वर वजन द्या.

वीज, गॅस, टाक्या

वीज पहिली बंद करायची. पाणी अजून अंगणात आहे तेव्हाच. पायाखाली पाणी आल्यावर मेन स्विचला हात लावू नका, महावितरणला फोन करून लाइन बंद करायला सांगा. घर दुरुस्तीला काढलं असेल तर वायरिंग छतावरून खाली आणा आणि सॉकेट भिंतीवरच्या पुराच्या रेघेच्या वर बसवा. इन्व्हर्टरची बॅटरी जमिनीवर ठेवण्याची आपली सवय सोडायला हवी. मीटर वर घ्यायला महावितरणकडे रीतसर अर्ज करा, तो परस्पर हलवू नका. जनरेटर वापरणार असाल तर तो घरात, जिन्यात किंवा बंद पडवीत कधीही लावू नका. त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो.

गॅस सिलिंडर जड असतो, तो वाहून जाणार नाही असं वाटतं. गणित करून बघा. टाकी साधारण १५ किलोची, आत १४.२ किलो गॅस, म्हणजे एकूण तीस किलोच्या आत. आणि ती ३३ लिटरहून जास्त जागा व्यापते. म्हणजे भरलेला सिलिंडरसुद्धा पाण्यावर तरंगतो. रेग्युलेटर काढा, सुरक्षेची टोपी लावा आणि सिलिंडर वर न्या. वर नेता येत नसेल तर उभा, साखळीनं खांबाला बांधा.

रिकामी पाण्याची टाकीही तरंगते आणि पाइप तोडून जाते. जमिनीतल्या रिकाम्या टाकीला खालचं पाणी वर ढकलतं. म्हणून टाक्या आधीच चांगल्या पाण्यानं काठोकाठ भरा आणि झाकण घट्ट करा. याचा दुसरा उपयोग प्यायला होतो. २०१९ ला कोल्हापूरच्या पाणीपुरवठ्याचे पंपच बुडाले आणि चारी बाजूंनी पाणी असताना शहराच्या नळाला पाणी नव्हतं. फ्रिज रिकामा असेल तर तोही आडवा होऊन तरंगतो आणि दार अडवतो. तो वर चढवता येत नसेल तर निदान दारापासून दूर ठेवा.

घरातलं सामान

वर काय न्यायचं हे पाणी आल्यावर ठरवलं की माणूस टीव्ही उचलतो आणि कागदपत्रं विसरतो. क्रम आधी ठरवा. कागदपत्रं, औषधं, दागिने, मुलांची पुस्तकं, धान्य, मग विजेच्या वस्तू. सातबारा, रेशन कार्ड, विमा, बँकेचे कागद यांचे फोटो काढून घरातल्या दोन माणसांच्या मोबाईलमध्ये ठेवा, जे डिजीलॉकरमध्ये मिळतं ते तिथे घ्या. मूळ कागद दोन पिशव्यांत घालून एकाच बॅगेत. ती बॅग पावसाळाभर दाराजवळ, खुंटीवर.

मे महिन्यात मोबाईल घेऊन घरभर फिरा आणि प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, कपाटं उघडून. पंचनाम्याला आणि विम्याला तो कामी येतो.

गुरांचं सर्वांत आधी. प्रयाग चिखली, आंबेवाडीसारख्या गावांत माणसं बाहेर पडायला उशीर करतात, त्याचं मोठं कारण गोठा असतो, आणि ते मी चुकीचं मानत नाही. म्हैस हे घराचं उत्पन्न आहे. म्हणूनच गुरांचा आकडा रस्त्याच्या आकड्याच्याही दोन फूट आधीचा ठेवा. जनावरं कोणाच्या रानात जाणार, तिथे वैरण किती, हे जूनमध्येच पाहुण्यांशी बोलून ठेवा. कानातल्या टॅगचे नंबर लिहून ठेवा. काहीच जमलं नाही, तर निदान दावं सोडा. बांधलेलं जनावर दाव्यालाच बुडतं.

दुकान, कारखाना, गोदाम

व्यापाऱ्याची पंचाईत अशी की पुराचे दिवस आणि गणपतीच्या मालाचे दिवस एकच. गोदाम भरलेलं असतं तेव्हाच पाणी येतं. यावर माझ्या पाहण्यातले तीन उपाय चालतात. पहिला, जून ते सप्टेंबर सर्वांत खालचा रॅक रिकामा, किंवा तिथे भिजलं तरी धुऊन विकता येईल असाच माल. दुसरा, उंचावरच्या भागात एखादी खोली चार महिन्यांसाठी भाड्यानं, चार व्यापाऱ्यांनी मिळून घेतली तर भाडं परवडतं. तिसरा, टेम्पो आणि हमालांशी आधीच बोलणी. पूर आला की अख्ख्या बाजाराला एकाच वेळी टेम्पो लागतो.

माल हलवताना किलोमागे किंमत बघा. औषधं, मोबाईल, साड्या आधी, साखरेची पोती मग. इचलकरंजीत यंत्रमाग जागचा हलत नाही, पण त्याची मोटर हलते. नट-बोल्टना आताच ग्रीस लावून ठेवलं की त्या वेळी मोटर लवकर सुटते. त्यातही कंट्रोल पॅनेल पहिला. हिशेबाच्या वह्या आणि संगणकाची प्रत दुकानाबाहेर असू द्या.

जमिनीखाली माल ठेवणाऱ्यांनी सांगलीजवळचं हरिपूर आठवावं. तिथल्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद वर्षानुवर्षं उत्तम राहायची, पण २००५ च्या पुराचं पाणी पेवांत शिरलं आणि हळद गेली. तळघराचंही तेच. नदीकाठच्या गावात तळघरात माल साठवूच नये, असं मी स्पष्ट सांगेन.

विम्याबद्दल काही गोष्टी. एप्रिल २०२१ पासून घरासाठी 'भारत गृह रक्षा', एका जागी पाच कोटींपर्यंतची मालमत्ता असलेल्या व्यवसायासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' आणि पाच ते पन्नास कोटींसाठी 'भारत लघु उद्यम सुरक्षा' या प्रमाणित पॉलिसी आहेत, आणि त्यांत पूर धरलेला आहे. बँकेनं कर्जासाठी विमा काढला असेल तर पॉलिसीवर पत्ता कोणता आहे ते बघा. माल दुसऱ्या गोदामात हलवणार असाल तर तो पत्ताही पॉलिसीत घालून घ्या, नाहीतर तिथलं नुकसान वादात अडकतं. आणि रक्कम खरी लिहा. वीस लाखांच्या मालाचा दहा लाखांचा विमा असला, तर नुकसानीतही साधारण निम्मंच मिळतं. गाडीसाठी फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर पुराचं काही मिळत नाही.

निघायची वेळ

रस्त्याचा आकडा यायच्या आत चालत, कोरड्या पायांनी निघा. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढताना बोट उलटली आणि माणसं गेली. बोटीत बसायची वेळ येण्याआधी निघणं हेच खरं. वाहत्या पाण्यात, मग ते गुडघ्याइतकं का असेना, दुचाकी घालू नका. पाण्याखाली गटाराचं झाकण निघालेलं असतं. निघताना शेजारच्या एकट्या म्हाताऱ्या माणसाचं दार वाजवा.

पाणी उतरताना

पाणी उतरायला लागलं आणि जाणं सुरक्षित असेल, तर गाळ ओला असतानाच काढा. उतरत्या पाण्याबरोबर खराट्यानं गाळ बाहेर लोटला तर काम तासांचं. वाळल्यावर तोच गाळ कुदळीनं काढावा लागतो. पण त्याआधी फोटो. भिंतीवरची रेघ, भिजलेला माल, सगळं. विमा कंपनीला लगेच लेखी कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत माल फेकू नका. सडून वास मारत असेल तर फोटो काढून, यादी करून, कंपनीला विचारून नमुना ठेवा. सरकारी मदतीसाठी तलाठ्याचा पंचनामा वेगळा, तो विम्याच्या पाहणीत धरला जात नाही.

घरात शिरण्याआधी भिंतींना नवे तडे बघा. मातीची भिंत पाण्यात उभी राहते आणि ऊन पडल्यावर कोसळते. गमबूट घाला, काठीनं सामान हलवा, कोपऱ्यात साप असतो. तळघरातलं पाणी एका दिवसात उपसू नका. बाहेरची जमीन अजून पाण्यानं फुगलेली असते, भिंत आत येते. रोज तिसरा हिस्सा काढा.

वायरमननं मेगरनं (वायरिंगमधली गळती तपासायच्या यंत्रानं) तपासल्याशिवाय मेन चालू करू नका. मोटरी स्वच्छ पाण्यानं धुऊन, पूर्ण वाळवून, तपासूनच लावा. बुडालेल्या गाडीला स्टार्टर मारू नका, इंजिनात पाणी असेल तर तेही जातं. फरशीला ब्लीचिंग पावडर वापरताना तिच्यात अ‍ॅसिड कधीच मिसळू नका, विषारी वायू सुटतो. विहीर उपसून, क्लोरिन टाकून घेईपर्यंत पाणी उकळून प्या. पायाला जखम असेल किंवा गाळात काम केल्यावर ताप आला तर अंगावर काढू नका, लेप्टोस्पायरोसिसची (उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या आजाराची) शंका डॉक्टरांना स्वतः बोलून दाखवा.

रंगाची घाई नको. भिंत आतून वाळायला महिने लागतात. दुरुस्ती करताना ओट्याखाली प्लायवूडऐवजी कडप्पा घाला आणि भिंतीला पुराच्या रेघेच्या वरपर्यंत टाइल्स. नवीन घर बांधणार असाल तर आधी जलसंपदा विभागाची पूररेषा बघा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत प्लॉट कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. भराव टाकून उंच केला तरी ते पाणी शेजाऱ्याच्या घरात जातं.

शेवटचं काम पेन्सिलचं. पाणी जिथवर आलं तिथे भिंतीवर आडवी रेघ ओढा, शेजारी तारीख आणि त्या दिवशीची बंधाऱ्यावरची सर्वोच्च पातळी लिहा. मग दारामागचे तीन आकडे पुन्हा काढा, बहुतेक वेळा ते थोडे बदललेले असतात. रस्ता उंच झालेला असतो, नाल्यावर बांधकाम झालेलं असतं. दिवाळीला रंगारी आला की त्याला तेवढी वीतभर जागा सोडायला सांगा.